रेषेला नोकरी लागते

पुण्या-नाशकातल्या एखाद्या कन्सल्टंटच्या ऑफिसात गावाच्या नळयोजनेचा जुना नकाशा संगणकावर उघडला, की सुरुवातीला काहीच दिसत नाही. सगळा पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढा ठिपका आणि उजव्या कोपऱ्यात त्याहून बारीक दुसरा. ड्राफ्ट्समन नवखा असेल तर घाबरतो, मुरलेला असेल तर चहा मागवतो. डावीकडचा ठिपका म्हणजे अख्खं गाव: पेठा, वाड्या, जलकुंभ, सगळं. उजवीकडचा ठिपका म्हणजे गावापासून तीनशे किलोमीटरवर कुणाच्या तरी हातून चुकून पडलेलं इंग्रजी 'टी' हे अक्षर. ते पुसलं, की गाव पडदाभर पसरतं आणि कामाला सुरुवात होते.

काम सांगायला सोपं आहे. नकाशात ज्या रेषा आहेत त्यांचे पाइप करायचे, त्रिकोणांचे व्हॉल्व्ह करायचे, वर्तुळांचे चेंबर करायचे. निविदेत हे एका ओळीत उरकलेलं असतं: उपलब्ध नकाशांवरून नेटवर्क तयार करणे. ही ओळ लिहिणाऱ्या माणसाने नकाशा बहुधा फक्त कागदावर पाहिलेला असतो.

कागदावर नकाशा उत्तमच असतो. जाड निळी रेघ म्हणजे मुख्य वाहिनी हे शाखा अभियंत्याला कळतं, ठेकेदाराला कळतं, पाण्यावरून भांडायला आलेल्या नगरसेवकालाही कळतं. संगणकाच्या लेखी मात्र ती एक बेकार रेषा आहे: एका टोकाचे आकडे, दुसऱ्या टोकाचे आकडे, रंग आणि थर, बस्स. तिचा पाइप करायचा म्हणजे तिला नोकरी लावायची. आजवर नकाशात नुसती पडून असलेल्या रेषेला आता हुद्दा मिळतो, नंबर मिळतो, व्यास आणि धातू नोंदवला जातो, रुजू झाल्याची तारीख पडते. मुख्य म्हणजे आपण कुणाच्या हाताखाली, हे तिला सांगावं लागतं: वरच्या अंगाला कोणता पाइप, खालच्या अंगाला कोणता. कागदपत्रं अपुरी असली, की अर्ज परत.

या गोंधळाचं मूळ १९८२ सालात सापडतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन झाली आणि वर्ष सरता सरता तिचं ऑटोकॅड बाजारात आलं. यथावकाश ते आपल्याकडच्या ड्रॉइंग रूममध्ये पोचलं, तेव्हा तिथे ट्रेसिंग पेपर होते, रॉट्रिंगची पेनं होती आणि डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनिया प्रिंटचा वास होता. उतरती टेबलं गेली, वासही गेला. हाताच्या सवयी गेल्या नाहीत. ट्रेसिंगवर रेघेच्या मधोमध मजकूर लिहायचा असला, की रेघ तेवढ्यापुरती तोडायची, असा शिरस्ता होता. ब्लेडने खरवडण्यापेक्षा ते सोयीचं. संगणकावरही मंडळी इमानेइतबारे रेघ तोडत राहिली. आता पाइप केल्यावर पाणी टाकीतून निघतं, '१५० मिमी' या शब्दांपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. शब्दांच्या पलीकडच्या वस्तीला पाणी नाही.

रंगांवर विसंबावं, तर तिथेही फसगत. ऑटोकॅडमध्ये वर्षानुवर्षं रंग हा प्लॉटरला दिलेला जाडीचा निरोप होता. अमुक रंग म्हणजे इतकं जाड पेन, तमुक म्हणजे बारीक. त्यामुळे कागदावर ठसठशीत दिसायला हवी ती प्रत्येक गोष्ट एकाच रंगात: मुख्य जलवाहिनी, नगरपरिषदेची हद्द आणि ग्रामदैवताच्या देवळाची भिंत. निळ्या रेघा तेवढ्या निवडून त्यांचे पाइप करा म्हटलं, की हद्दीतूनही पाणी खेळायला लागतं.

मग थर पाहावेत. नेमस्त माणूस पाण्याच्या लाइनीला वेगळा थर करतो, रस्त्याला वेगळा, घरांना वेगळा. बाकीचे सगळं शून्य नावाच्या थरावर काढतात. हा थर प्रत्येक फाइलीत जन्मजात असतो आणि काही केल्या पुसता येत नाही. त्याचा एक गूढ भाऊ आहे, 'डेफपॉइंट्स'. नकाशात मापं टाकली, की हा थर आपोआप उगवतो आणि त्यावरचं काहीही छापलं जात नाही. ड्राफ्ट्समन मंडळींनी हा गुण हेरून त्याचा माळा केलेला असतो. रद्द झालेला पर्याय, मागच्या वर्षीची आखणी, साहेबांनी नको म्हटलेली पण पुढेमागे लागेलशी वाटणारी लाइन, सगळं तिथे. छापील नकाशात योजना एक, फाइलीत तीन. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर फाइल वाचतं. ते तिन्ही योजना एकदमच मंजूर करून टाकतं.

सगळ्यात प्रामाणिक नेटवर्क तयार होतं ते नकाशाच्या चौकटीचं. ए-वन कागदाची ती चारी बाजूंची चौकट एकसंध असते, कुठे फट नाही, कुठे तुटलेली नाही. पाइप म्हणून ती तपासणीत पहिल्या फटक्यात पास होते: चार काटकोनी बेंड असलेली, गावाभोवती फिरणारी आदर्श रिंग मेन. उत्तर दिशेचा बाण ही एक छोटी शाखा होते. कोपऱ्यात 'सूची' म्हणून ज्या नमुन्याच्या रेघा असतात ('अस्तित्वातील जलवाहिनी', 'प्रस्तावित जलवाहिनी', 'नाला'), त्यांचेही सहा-सात सेंटिमीटरचे तुकडे गावाच्या प्रमाणात साठ-सत्तर मीटरचे पाइप होऊन शेतात समांतर पडतात. एस्टिमेटमध्ये त्यांचे पैसे धरले जाऊ नयेत, इतकंच पाहायचं.

व्हॉल्व्हची कथा थोडी जवळून बघण्यासारखी आहे. नकाशात स्लुईस व्हॉल्व्हची खूण म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, फुलपाखरासारखे. मूळ माणसाने तो 'ब्लॉक' म्हणून ठेवला असेल, म्हणजे सगळ्या रेघा एकाच नावाखाली बांधून, तर देव पावला. त्या नावावरून संगणक व्हॉल्व्ह ओळखतो. पण मधल्या काळात कुणीतरी, बहुधा फाइल जुन्या आवृत्तीत उघडेना म्हणून, सगळ्यावर 'एक्स्प्लोड' ही आज्ञा चालवलेली असते. नावात दारूगोळा आहे आणि परिणामही तसाच. फुलपाखराच्या सहा रेघा सुट्या होतात. त्यांचे सहा पाइप होतात, प्रत्येकी दोन-तीन मीटर लांबीचे, एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांच्यातून पाणी त्रिकोणात गरागरा फिरत राहतं. ब्लॉक शाबूत असला तरी तो रेघेवर असेलच असं नाही. रेघेवर मजकुराची गर्दी होती म्हणून ड्राफ्ट्समनने तो सुबकपणासाठी जरा बाजूला सरकवलेला असतो. नकाशात तीन मिलिमीटर. हजाराच्या प्रमाणात तीन मीटर. शहराचा मुख्य व्हॉल्व्ह आता कुणाच्या तरी ओसरीवर आहे.

आणखी एक जुनी रीत म्हणजे टोपी. दोन लाइनी एकमेकींना न जोडता ओलांडून जातात, हे दाखवायला एका रेघेला दुसरीच्या डोक्यावर छोटं अर्धवर्तुळ काढायचं. बघणाऱ्याला लगेच अर्थ कळतो. संगणकाला कळतं ते एवढंच, की नऊशे मिलिमीटर व्यासाची लोखंडी वाहिनी भर चौकात नाल्यातली माशी चुकवावी तशी वळसा घालून गेली आहे. उलट जिथे टोपी नाही तिथे पेच वेगळा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये आणलेलं एपानेट हे मोफत सॉफ्टवेअर जगभर नळयोजनांच्या गणितासाठी वापरलं जातं, आपल्याकडेही. त्यात दोन पाइप नकाशावर एकमेकांना कितीही छेदोत, छेदाच्या जागी 'नोड' नसेल तर ते एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्यक्षात जिथे टी बसवलेला आहे, तिथे हे दोघे शेजारी वर्षानुवर्षं न बोलता राहतात.

म्हणून पाइप करण्याआधी नकाशाची साफसफाई करावी लागते. ऑटोकॅड मॅप थ्रीडीमध्ये त्यासाठी हत्यारांची एक पेटीच आहे. दोन टोकं जुळायला थोडक्यात चुकलेली असतील तर जुळवणं, टोक पुढे गेलेलं असेल तर छाटणं, लोंबकळत्या रेघा काढणं, शून्य लांबीच्या रेघा उडवणं. शून्य लांबीची रेघ ही चीज खरोखर असते. माउसचं बटण एकाच जागी दोनदा दाबलं, की ती जन्मते. दिसत नाही, छापली जात नाही, पण यादीत तिला स्वतंत्र क्रमांक असतो.

साफसफाईचा सगळा खेळ एका आकड्यावर आहे: किती अंतराची चूक माफ करायची? अर्धा सेंटिमीटर ठेवला, तर निम्मं गाव तुटलेलं राहतं. अर्धा मीटर ठेवला, तर बरंच जुळतं. मग कुणाला तरी हाव सुटते. 'पाच मीटर टाकून बघ रे, एका दमात होईल.' होतंही. पण गल्लीच चार मीटरची असते. तिच्या एका कडेला पाण्याची लाइन आणि दुसऱ्या कडेला गटाराची. दोघी एकाच बिंदूवर येऊन मिठी मारतात, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरात निरोप येतो, की सर्व त्रुटी यशस्वीरीत्या दूर झाल्या.

एकावर एक पडलेल्या दोन रेघा हे प्रकरण त्याहून भारी. डोळ्यांना एकच दिसते, कागदावर एकच छापते. 'ओव्हरकिल' नावाची आज्ञा अशा जोड्या शोधून एकीला काढते. ती चालवायला विसरलं तर एकाच चरात दीडशे मिलिमीटरचे दोन पाइप होतात. गणित त्यांना समांतर मानतं आणि पाणी दोघांत अर्धं अर्धं वाटतं. हेझन आणि विल्यम्स या दोन अमेरिकन अभियंत्यांच्या १९०५ सालच्या सूत्रात घर्षणाने जाणारा दाब प्रवाहाच्या १.८५२ घाताने बदलतो. प्रवाह निम्मा झाला, की दाबाची घट चौथाईच्या आसपास येते. म्हणजे कॉपी-पेस्टच्या एका चुकीने गावाच्या शेवटच्या टोकालाही भरपूर दाबाने पाणी मिळायला लागतं. अशा आराखड्याला कुणी हरकत घेत नाही.

त्याच सूत्रात 'सी' नावाचा एक आकडा आहे, पाइप आतून किती गुळगुळीत ते सांगणारा. नव्या बिडाच्या पाइपाला १३० धरतात, जुन्या गंजलेल्याला शंभर किंवा त्याहून कमी. म्हणजे पाइप कशाचा आणि केव्हाचा, दोन्ही माहिती हवी. नकाशात ती असते, पण मजकूर म्हणून, रेघेच्या शेजारी तरंगत. सॉफ्टवेअर प्रत्येक मजकूर सगळ्यात जवळच्या रेघेला चिकटवतं. जवळची रेघ लाइनीची असेल तर ठीक. बऱ्याचदा ती रस्त्याची कड असते, आणि मग लक्ष्मी रोडला धातू मिळतो. मजकूरही एकसारखा असेल तर शपथ. बिडाचा पाइप एकाच नकाशात 'सीआय', 'सी.आय.', 'कास्ट आयर्न', 'बीड' आणि 'जुनी लाइन' अशा पाच नावांनी वावरतो. फॉर्मात पर्याय एकच. शिवाय 'अंदाजे', 'नक्की माहीत नाही' आणि 'देशमुखांच्या वाड्यासमोर वळते' या प्रामाणिक नोंदींना फॉर्मात रकानाच नसतो.

रुजू तारखेची तऱ्हा तर शासकीय आहे. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं, तानसाचं १८९२ मध्ये. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याच्या परिसरापर्यंत पाणी आणणारा नळ त्याच्याही आधीचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्याचे उच्छ्वास, म्हणजे वाटेतले हवा खेळवणारे आणि तपासणीचे मनोरे, आजही काही ठिकाणी दिसतात. ही सगळी माहिती तपशीलवार भरायची म्हणून माणूस एक्सेल उघडतो आणि थबकतो. एक्सेलची दिनदर्शिका १ जानेवारी १९०० ला सुरू होते. त्याआधीचा दिवस एक्सेलला तारीख म्हणून मान्यच नाही. पेशवे आणि इंग्रज दोघेही एका फटक्यात बाद. ज्या पाइपाची तारीख ठाऊकच नाही त्यालाही काहीतरी भरावं लागतं, म्हणून मग सरसकट १-१-१९०० भरतात. एका पिढीच्या सेवापुस्तकात गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेला १ जून असायचा, तसं. त्यामुळे माहितीनुसार गावातले निम्मे पाइप एकाच दिवशी जन्मले, आणि त्यात कितीतरी वर्षांनी बाजारात आलेला प्लास्टिकचा पाइपही असतो.

सांडपाण्याच्या लाइनींची अडचण वेगळी, कारण तिथे पाणी स्वतःच्या वजनाने उतारावरून जायचं असतं. सिव्हिल थ्रीडीमध्ये आधी काढलेल्या पॉलिलाइनवरून पाइप नेटवर्क करायची सोय आहे. रेघ दाखवायची, की तिच्या प्रत्येक तुकड्याचा पाइप होतो आणि प्रत्येक शिरोबिंदूवर मॅनहोल बसतं. रेघ ज्या दिशेने काढली ती प्रवाहाची दिशा धरली जाते. हवी तर उलटवता येते, पण ते लक्षात यावं लागतं. ड्राफ्ट्समनने रेघ कुठून सुरू केली? नदीकाठच्या प्रक्रिया केंद्रापासून, कारण नकाशात ते ठळक दिसत होतं. परिणामी शहराचं सगळं सांडपाणी केंद्रातून निघून मोठ्या उमेदीने डोंगराकडे जातं.

मॅनहोलचा हिशेब त्याहून मजेशीर. सरळ लाइनीवर साधारण तीस मीटरवर एक मॅनहोल, हा आपल्याकडे रुळलेला निकष. पण वळणदार रस्ता सुरेख यावा म्हणून कुणी तळमळीच्या माणसाने साठ मीटरच्या वळणावर चाळीस बिंदू देऊन रेघ काढलेली असते. रूपांतर झालं, की दर दीड मीटरला एक मॅनहोल. झाकणं शेजारी शेजारी. ठेकेदार हा आराखडा पाहून कधीच तक्रार करत नाही.

उंचीचं काय? रेघेच्या बिंदूंची उंची तीच ठेवायची का, असा एक चौकोन तिथे असतो. खूण केली, तर जुन्या नकाशात सगळ्या बिंदूंची उंची शून्य असते, कारण काढताना तिची गरजच नव्हती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे लाइन ५६० मीटर खोल. खोदाईचा दर घनमीटरवर असतो, हे लक्षात घेता काही अनुभवी लोक इथे क्षणभर रेंगाळतात. याच्या उलटही होतं. ५६१.२ लिहिताना दशांश चिन्ह गळालं, की एक नळजोड ५६१२ मीटरवर जातो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तीन कळसूबाया एकावर एक रचल्या, तरी त्या घरच्यांना वर पाहावं लागेल.

इथवर निदान गाव गावातच असतं. नकाशाला पृथ्वीवर बसवायला गेलं, की तेही सुटतं. पुण्याचा अक्षांश १८.५ आणि रेखांश ७३.८ च्या आसपास. दोन्ही आकडे उलटसुलट पडले, तर पुणे उत्तर ध्रुवाकडे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मध्ये समुद्रात जाऊन पडतं. सगळ्यात जवळची जमीन साठेक किलोमीटर उत्तरेला. तिचं नाव अस्वल बेट. आकडेच नसले तर शून्य-शून्य, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. तिथे हवामानाची नोंद घेणारी एक बोय वर्षानुवर्षं तरंगत होती आणि जगभरच्या पत्ता चुकलेल्या योजना तिथेच जमतात.

विदर्भातल्या माणसाला इतकं लांब जावं लागत नाही. नकाशांसाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत, आणि ४३ व ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ रेखांशावर, थेट अमरावती जिल्ह्यातून जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातलं वरूड ४४ मध्ये. वरूडचे आकडे ४३ चे समजून वाचले, की अख्खी नळयोजना सहाशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकते. संत्र्याच्या बागांसाठी काढलेल्या लाइनी खंभातच्या आखाताच्या काठी, जुनी जहाजं तोडतात त्या अलंगच्या आसपास अवतरतात. जिल्हा परिषदेला उत्तर द्यायचं असतं, आणि पडद्यावर गुजरात असतो.

हे सगळं निस्तरलं, की एपानेट चालवायचं. एपानेट बोलतं मोजकंच. २३३ क्रमांकाची त्रुटी म्हणजे जाळ्यात एखादा बिंदू कुणालाच जोडलेला नाही. ११० म्हणजे हे गणित माझ्याच्याने सुटत नाही. दोन्ही गेल्या, की एक सावध सूचना येते: ऋण दाब. याचा अर्थ कागदावर तिथे पाणी पोचतच नाही. परदेशी अभियंता हे वाचून आराखडा चुकला असं समजतो. आपल्याकडचा जरा विचार करतो, कारण पाणी दोन तास आणि लाइनीला थेट मोटर लावणारी दहा घरं, असं असेल तर ऋण दाब प्रत्यक्षातही असतो. मोटर पाइपातून ओढते, पाइप फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं ओढतो. पावसाळ्यात दवाखान्यात वाढणारी गर्दी एपानेटने अगोदर सांगितलेली असते, पण ती सॉफ्टवेअरची चूक म्हणून दुरुस्त केली जाते.

अलीकडच्या प्रणाल्या अधिक काटेकोर झाल्या आहेत. एस्री कंपनीच्या २०१८ मध्ये आलेल्या 'युटिलिटी नेटवर्क'मध्ये कोण कुणाला जोडलं जाऊ शकतं याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. नियम नसेल, तर जोड नाही. ओळख, वशिला, तोंडी परवानगी चालत नाही. आणि कुणी कुठेही काही बदल केला, की तेवढा भाग जांभळ्या पट्ट्यांनी झाकला जातो आणि त्याचं अधिकृत नाव 'डर्टी एरिया'. पडताळणी होईस्तोवर तो भाग तसाच मळका राहतो. नगरपरिषदेच्या नकाशावर पहिल्या दिवशी हे झाकण सबंध शहराला लागतं, आणि स्वच्छता विभागाचे लोक ते पाहून नाराज होतात.

एवढं झाल्यावर कुणाला तरी शंका येते, की जमिनीखाली खरंच असंच आहे का? मग व्हॉल्व्हमनला बोलावतात. मुंबईत ज्यांना चावीवाले म्हणतात तेच. पन्नाशीचे काका, हातात टी आकाराची लोखंडी चावी, पडद्यापासून चार फूट लांब उभे.

'काका, ही दीडशेची लाइन बरोबर आहे ना?'

'न्हाई मॅडम. चौकापातूर दीडशे. फुडं शंभर.'

'पण नकाशात सगळी दीडशे आहे.'

'दीडशेचा पाइप संपला हुता त्या टायमाला.'

'बरं. आणि ही? चालू की बंद?'

'बंद केलीया.'

मॅडम स्थितीच्या रकान्यात 'बंद' निवडतात.

'पाणी येतंया तिला,' काका पुढे सांगतात.

रकान्यात चालू, बंद आणि प्रस्तावित असे तीनच पर्याय असतात. बंद केलेली पण पाणी येत असलेली लाइन कुठे बसवावी, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. 'पाइप पॉलिटिक्स, कॉन्टेस्टेड वॉटर्स' हे मुंबईच्या पाण्यावरचं लिसा बियोर्कमन यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं. पाणी कुठून कसं येतं याचं ज्ञान नकाशांपेक्षा माणसांपाशी किती असतं, हा त्यातला एक मोठा धागा आहे. काकांनी ते वाचलेलं नाही. वाचलं असतं तर दोन-तीन ठिकाणी व्यास दुरुस्त करून दिले असते.

माणसांना विचारायचं नसेल तर यंत्रं आहेत. जमिनीत लहरी सोडून खालचे पाइप टिपणारं रडार आता ढकलगाडीसारखं रस्त्यावरून फिरवतात. वाळूच्या, कोरड्या जमिनीत ते झकास चालतं. चिकणमातीत, त्यातही ओल्या, लहरी थोड्या अंतरातच विरतात. दख्खनच्या काळ्या मातीला कापूस आवडतो, रडार नाही.

न शोधता खणण्याची किंमतही कमी नसते. एकमेकांना न विचारता केलेल्या खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारी अंदाज आहे. म्हणूनच २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं: खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्यांच्या केबली आणि पाइप तिथे आहेत त्यांनी सावध करायचं. सावध करायला आपला पाइप नेमका कुठे आहे हे त्यांना ठाऊक हवं, आणि तेवढ्यासाठीच तर रेघांना नोकऱ्या लावण्याची ही सगळी भरती चाललेली असते.

एक दिवस भरती संपते. हजारो पाइप, प्रत्येकाला क्रमांक, व्यास, धातू, तारीख. सादरीकरण होतं, पुष्पगुच्छ होतो. त्यानंतरच्या सोमवारी नव्या लाइनीच्या कामाचा ठेकेदार फोन करतो: 'सर, तुमची फाइल उघडत नाही. साधी डीडब्ल्यूजी पाठवा.' सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीही सोय आहे. सगळ्या पाइपांचे एका बटणात पुन्हा सुटे तुकडे होतात. क्रमांक गेला, व्यास गेला, सेवापुस्तक गेलं. थोड्या वेळाने परत फोन: 'सर, पीडीएफच द्या, साइटवर मोबाइलमध्ये बघायचंय.'

साइटवर सुपरवायझर मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करतो आणि जेसीबीवाल्याला जागा दाखवतो. शेजारी चावी टेकून उभे असलेले काका म्हणतात, 'तितं न्हाई, जरा हिकडं.' खणल्यावर पाइप इकडंच लागतो. सुपरवायझर छापील नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरतो, लाल पेनाने एक बाण काढतो, शेजारी '१ पूर्वेला' असं लिहितो आणि त्याचा आडवा फोटो व्हॉट्सॲपवर ऑफिसला पाठवतो. नेटवर्क अद्ययावत ठेवायचं असतं, म्हणून मॅडम लगेच विचारतात, '१ म्हणजे मीटर की फूट?'

उत्तर येतं, 'पाऊल, मॅडम. काकांचं.'